सरासरीइतकेच ऊन

माणसाला उकडते ते उन्हामुळे नव्हे, तुलनेमुळे. हे सत्य पुष्कळांना पटत नाही, कारण पुष्कळांना घाम आलेला असतो आणि घाम डोळ्यांत गेला की शास्त्र नीट दिसत नाही. पण शांतपणे विचार करा. जो जन्मापासून भट्टीतच बसला आहे त्याला भट्टी गरम आहे हे कोण सांगणार? बाहेरून आलेला माणूस. म्हणजे उकाड्याचे मूळ भट्टीत नसून बाहेरून येणाऱ्या माणसात आहे. त्याला दारातच अडवले की प्रश्न मिटला.

या तत्त्वावर आमचे सरासरी खाते उभे आहे.

खात्याचे काम तसे सोपे. आज किती तापले ते पाहायचे, याच तारखेला गेल्या तीस वर्षांत सरासरी किती तापत असे ते पाहायचे, आणि एकातून दुसरे वजा करायचे. या वजाबाकीसाठी खात्यात एकशे अठरा माणसे आहेत. त्यांतला एक जण किती तापले ते पाहतो (निरीक्षक काका). एक जण वजाबाकी करतो (मी). उरलेले एकशे सोळा जण वजाबाकीवर सह्या करतात, कारण वजाबाकी ही जोखमीची गोष्ट आहे आणि ती एकट्यादुकट्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

तापमान पाहण्यासाठी आवारात चार पायांवर उभी केलेली एक पांढरी लाकडी पेटी आहे. तिला बाजूंनी फटी आहेत, आत तापमापक टांगलेला आहे. पेटीभोवती हिरवे गवत असलेच पाहिजे असा नियम आहे. उन्हाळ्यात गवत जगत नाही, म्हणून पेटीसाठी दिवसातून चार वेळा टँकर येतो. हा टँकर पूर्वी शेजारच्या वस्तीत जायचा. (वस्तीभोवती हिरवे गवत असलेच पाहिजे असा नियम नाही.) त्यामुळे शहरातली सगळ्यात गार जागा कोणती असे कुणी विचारले, तर जिथे शहराचे तापमान मोजतात ती, असे उत्तर द्यावे लागते. याला अचूकता म्हणतात.

आता या सगळ्याचा उपयोग काय, असे कुणी विचारील. उपयोग भोंग्यासाठी. ज्या दिवशी तापमान सरासरीपेक्षा पाच अंशांनी वर जाईल, त्या दिवशी दुपारी बारा ते चार सर्व उष्ण कामे बंद ठेवावीत आणि कामगारांनी सक्तीने विश्रांती घ्यावी, असा एक दयाळू कायदा आहे. विश्रांती जाहीर करायला खात्याच्या गच्चीवर भोंगा बसवलेला आहे. उष्ण कामांच्या यादीत वीटभट्ट्या आहेत, डांबराची कामे आहेत, ओतशाळा आहेत, आणि सतराव्या क्रमांकावर इस्त्रीखाने आहेत.

सतराव्या क्रमांकावर माझी मावशी आहे.

मावशी म्हणजे सख्खी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. ती एका धुलाई केंद्रात मोठ्या इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करते. लांबट खोली, सहा टेबले, सहा वाफेच्या इस्त्र्या, आणि हवेसाठी एक खिडकी, जी शेजारच्या बॉयलरच्या खोलीत उघडते. दिवसाला माणशी तीनशे चादरी. मी वजाबाकी याच खोलीत शिकलो. गेलेल्या चादरींतून आलेल्या चादरी वजा केल्या की मुकादम कुणाला ओरडणार ते कळायचे.

मागच्या उन्हाळ्यात मावशी दोनदा टेबलाशीच चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तिला तपासले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "दुपारचे चार तास तरी वाफेपासून लांब ठेवा. नाहीतर पुढचा उन्हाळा काही खरं नाही." काम सोड, असे मी तिला सुचवले. पण आम्ही राहतो ती खोली धुलाई केंद्राची. काम सुटले की खोली सुटते.

"आणि राहायचं कुठे?" मावशी म्हणाली. "तुझ्या त्या पेटीत? गवत आहे म्हणा तिथे."

तेव्हा मावशीचा पुढचा उन्हाळा सर्वस्वी भोंग्यावर, भोंगा वजाबाकीवर आणि वजाबाकी माझ्यावर अवलंबून होती. रोज सकाळी डबा भरता भरता ती विचारायची, "आज वाजणार का रे?"

"ते आकड्यांवर आहे, मावशी."

"मग नीट कर हो आकडे. हातचा विसरायची खोड आहे तुला."

उन्हाळा सुरू झाला तो दणक्यात. तीस वर्षांची सरासरी अडतीस अंश असताना पेटीत चव्वेचाळीस भरले. फरक सहा. कायद्याप्रमाणे विश्रांती! मात्र इथे एक बारीकशी अडचण होती. दिवसाचे सर्वांत जास्त तापमान येते दुपारी पावणेतीनच्या सुमारास. काका तीन वाजता पेटी उघडतात, सव्वातीनला माझी वजाबाकी होते, एकशे सोळा सह्या होईपर्यंत साडेपाच वाजतात. साडेपाचला भोंगा वाजला आणि दुपारी बारा ते चार विश्रांती घ्यावी असे जाहीर झाले.

कुठल्याही हलक्या खात्याने इथे हात टेकले असते. आमच्या खात्याने परिपत्रक काढले. "सदर विश्रांती पूर्वलक्षी प्रभावाने लागू असून, संबंधित कामगारांनी ती घेतलेली आहे असे समजण्यात यावे." अशा रीतीने पहिल्या तीन आठवड्यांत मावशीने एकूण अडुसष्ट तास विश्रांती घेतली. आणि दुपारी विश्रांती घेतलेल्याने राहिलेले काम संध्याकाळी भरून देणे हे ओघानेच आले.

"दुपारभर लोळलात ना?" मुकादम म्हणायचा. "मग आता उचला इस्त्र्या."

"मी कधी लोळले?" मावशी म्हणायची. "लोळले असेन तर मला उठवायचं तरी होतंत, जरा मजा तरी कळली असती!"

शेवटी इस्त्रीखान्यातल्या पाच बायका मावशीला पुढे घालून आमच्या संचालक साहेबांना भेटायला आल्या. साहेबांच्या खोलीत एसी अठरावर असतो आणि साहेब खोलीत बिनबाह्यांचा स्वेटर घालतात. (बाह्यांचा स्वेटर घालणे त्यांना उधळपट्टी वाटते.) बायकांनी आत पाऊल टाकले. भांडायला आलेल्या बायका गार हवेत नुसत्या डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"बोला, काय त्रास आहे?" साहेबांनी विचारले.

"आता काही नाही," त्यांतली एक म्हणाली. मावशीने तिला कोपराने ढोसले.

"साहेब, भोंगा सकाळी वाजवा."

"सकाळी कसा वाजवणार? सकाळी तापलेलं नसतं."

"आमच्या खोलीत या की. आठ वाजताच जीव जातो."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "तुमच्या खोलीत गवत आहे का?"

"इस्त्रीखान्यात? गवत?"

"गवत नसेल तर तिथे तापमान नसतं, बाई. तिथे असतं ते नुसतं उकडणं. ते आमच्याकडे येत नाही."

"मग कुणाकडे येतं?"

"तुमच्याकडे," साहेब सौम्यपणे म्हणाले.

तरीही साहेब माणूस म्हणून चांगले. बायका खोलीतून हलायलाच तयार नाहीत हे पाहून त्यांनी मधला मार्ग काढला. आजच्या फरकावरून उद्याचा भोंगा वाजवायचा, आणि तोही सकाळी अकराला.

पुढचे नऊ दिवस भोंगा रोज अकराला वाजला. नऊ दिवस मावशी बारा ते चार धुलाई केंद्राच्या मागच्या बोळात, भिंतीच्या सावलीत, ओला पंचा तोंडावर घेऊन आडवी झाली. तिच्या पायांची सूज उतरली. एका संध्याकाळी तर घरी येऊन तिने मुकादमाची नक्कलही करून दाखवली, आणि ती करताना तिला धाप लागली नाही. या नऊ दिवसांत खात्याकडे तक्रारींची रीघ लागली. चादरी तुंबल्या, विटा तुंबल्या, रस्ते अर्धवट पडले. संप असता तर मोडून काढता आला असता. ही विश्रांती होती आणि कायदेशीर होती.

नवव्या दिवशी माझ्या हातून चूक झाली.

त्या दिवशी आमच्या खोलीतला पंखा बंद होता आणि तक्त्यावर घाम ठिबकत होता. तक्त्यात दोन रकाने असतात, एक आजचा आणि एक सरासरीचा. मी आजच्या रकान्यात शेहेचाळीस लिहिले. मग घाम पुसला. मग सरासरीच्या रकान्यात पुन्हा शेहेचाळीसच लिहिले. शेहेचाळीसातून शेहेचाळीस गेले, शून्य उरले. एकशे सोळा जणांनी शून्यावर सह्या केल्या. (एकाने सुवाच्य अक्षराबद्दल शाबासकीही दिली.)

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला नाही.

चूक लक्षात आल्यावर मी धावत वर गेलो. आमच्याकडे चूक दुरुस्त करायची तर ज्यांनी ज्यांनी सही केली त्या प्रत्येकाने आपण न वाचता सही केल्याचे लेखी द्यावे लागते. धोरण करायला मात्र एकच सही पुरते. साहेब तक्ता हातात धरून बसले होते.

"हे तू केलंस?"

"चुकलं, साहेब. माझ्याकडून आजचाच आकडा..."

"चुकलं? अरे, शेहेचाळीस अंशांचा दिवस आणि फरक शून्य! तीस वर्षांत या खात्यात कुणाला जमलं नाही हे!"

लगेच एक समिती बसली (साहेबांच्याच खोलीत, बरेच दिवस). समितीच्या अहवालातला युक्तिवाद इतका निर्दोष आहे की तो शाळेत लावावा. तीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याचा आजच्या उन्हाळ्याशी संबंध काय? तेव्हाची माणसे वेगळी, तेव्हाची घरे वेगळी, तेव्हाची झाडे वेगळी (तेव्हा ती होती). जे उन्हाळे आज आपली बाजू मांडायला हजर नाहीत त्यांना मध्ये आणून आजच्या उन्हाळ्याला नावे ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, समितीने तपासलेल्या सर्व प्रकरणांत नागरिकांना त्रास झाला होता तो फरक निघाल्यावर. सबब फरक काढून टाकावा.

एकदम काढला तर बरे दिसणार नाही म्हणून टप्प्याटप्प्याने काढला. आधी तीस वर्षांऐवजी दहा वर्षांची सरासरी धरली, फरक आठाचा पाच झाला. मग मागच्याच वर्षाची धरली, अडीच झाला. मग मागच्या आठवड्याची. पाव अंश उरला. हा पाव अंश समितीच्या डोळ्यांत सलत होता. अखेर आजच्या दिवसाची सरासरी आजचीच धरावी असे ठरले, आणि माझ्या चुकीला जावक क्रमांक मिळाला. मला वरिष्ठ वजाबाकी लिपिक करण्यात आले. टेबलाशी एक कूलर मिळाला. मी तो घेतला.

यश डोळ्यांत भरणारे होते. अठ्ठेचाळीस अंश, सर्वसाधारण. एकोणपन्नास, सर्वसाधारण. चौकातले डांबर मऊ होऊन उभ्या दुचाकींचे स्टँड त्यात रुतले, तरी फलकावर अभिमानाने लिहिलेले असे, "सलग चोविसाव्या दिवशी तापमान सरासरीइतकेच." शतकातला सर्वांत तापलेला दिवस उजाडला आणि मावळला, कुणाला पत्ताही लागला नाही. खात्याने घेतलेल्या पाहणीत ब्याण्णव टक्के नागरिकांनी उन्हाबद्दल तक्रार नाही असे सांगितले. (उरलेले आठ टक्के प्रश्न विचारायला गेलो तेव्हा शुद्धीवर नव्हते.) माणसे एकमेकांना भेटली की म्हणू लागली, "काय उकडतंय हो!" आणि लगेच फलकाकडे पाहून ओशाळू लागली.

घरी मात्र समिती नव्हती.

"आज पण नाही वाजला रे," मावशी दारातच बसून म्हणाली. पाय पुन्हा सुजले होते.

"फरक शून्य आहे, मावशी."

"कुणी केला शून्य?"

मी तिला पाणी आणून दिले. तिने ते सगळे प्यायले आणि पेला बाजूला ठेवला.

"लहानपणी चुकलास की पाटी थुंकीनं पुसायचास. किती ओरडायचे मी. आता पुस की. नाही ओरडत."

"आता त्यावर सह्या आहेत."

मावशी हसली. "म्हणजे थुंकी कमी पडणार."

पण ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. इस्पितळातल्या एका सिस्टरकडून तिने भिंतीवरचा तापमापक मागून आणला आणि इस्त्रीखान्यात टांगला. सकाळी दहाला त्रेपन्न. मग तिने एका पत्र्याच्या ट्रेमध्ये माती भरली, कुठूनतरी मूठभर गवत मुळांसकट उपटून आणून त्यात लावले, ट्रे तापमापकाखाली ठेवला आणि खात्याला अर्ज केला. "आमच्याकडे आता गवत आहे. तरी तापमान आहे असे समजून येऊन पाहावे."

खाते चक्रावले. नियमात गवत किती असावे याचा उल्लेख नाही. अखेर निरीक्षक काकांना पाठवायचे ठरले, पण त्यांच्या दौऱ्याच्या मंजुरीला तीन दिवस लागले. मावशी दर तासाला आपल्या पिण्याच्या पाण्यातले अर्धे गवताला घालत होती. गवत दीड दिवस टिकले. तिसऱ्या दिवशी काका आले, त्यांनी ट्रेमधला पिवळा भुगा बोटाने चाचपला, कपाळावरचा घाम पुसला आणि शेरा लिहिला, "गवत आढळले नाही. सबब तापमान नाही." लिहून झाल्यावर ते पाच मिनिटे उंबऱ्याशी घुटमळले.

"बाई, उद्यापासून जरा जपा," ते म्हणाले.

"ते पण लिहा ना," मावशी म्हणाली. काकांनी ते लिहिले नाही. शेऱ्याला दोनच ओळी असतात.

त्याच दुपारी दोनशे अकराव्या चादरीवर मावशी कोसळली.

इस्पितळात मी पोचलो तेव्हा ती खाटेवर होती. अंगाला हात लावला तर चटका बसला. तरुण डॉक्टरने तापमापक पाहिला, वॉर्डाची वही पाहिली, बोटांवर काहीतरी मोजले.

"एकशे पाच," तो म्हणाला. "पण काळजीचं कारण नाही. आजची वॉर्डाची सरासरी एकशे पाच पूर्णांक दोन आहे. यांना उलट थोडा गारवाच आहे."

"अहो डॉक्टर, ताप आहे तिला!"

"तसं म्हणायची सोय राहिली नाही. तुमच्याच खात्याचं परिपत्रक आलंय." त्याने ते दाखवलेही. खाली माझीच आद्याक्षरे होती. "खाटा कमी आहेत. सरासरीच्या आतल्यांना आम्ही ठेवत नाही."

मावशी डोळे मिटून चादरीवरून बोटे फिरवत होती. "घडी चुकलीय," ती म्हणाली. "बसवली वाटतं नवीन कुणीतरी माझ्या टेबलावर." मग बऱ्याच वेळाने, "अरे, भोंगा वाजला का?"

"वाजला," मी म्हणालो. (हे विधान पूर्वलक्षी प्रभावाने खरे ठरण्याची शक्यता नाकारता येत नाही.)

"मग मी जरा पडते," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता तिला सर्वसाधारण म्हणून घरी सोडण्यात आले. पावणेतीनला ती गेली. वेळ मला पक्की आठवते, कारण ती दिवसाच्या सर्वांत जास्त तापमानाची वेळ आहे.

त्या दिवशी शहरात उन्हाने दोनशे बारा माणसे गेली. ही वजाबाकीही आता आमच्याकडेच असते. आजचे मृत्यू दोनशे बारा, आजची सरासरी दोनशे बारा, फरक शून्य. तक्ता मीच भरला. एकशे सोळा सह्या झाल्या. धुलाई केंद्राने खोली आठ दिवसांत रिकामी करायला सांगितली आहे, आणि खात्याने मला आवारात राहायची परवानगी दिली आहे. तिथे हवा बरी असते.

इथवर आल्यावर तुम्हाला वाईट वाटले असेल. खात्याने त्याचीही नोंद ठेवायला सुरुवात केली आहे. इस्त्री करणारी एक बाई उकाड्याने गेल्याचे वाचून पूर्वी माणूस सरासरी किती वेळ हळहळायचा, दुपारच्या जेवणात किती घास कमी जायचे, दुसऱ्या दिवशी तो कुणाला जाऊन जाब विचारायचा का, याचे तीस वर्षांचे आकडे आमच्याकडे आहेत. त्यांच्याशी ताडून पाहिले तर तुमचे हे वाईट वाटणे फारच कमी भरते; खरे सांगायचे तर लाज वाटावी इतके कमी.

पण घाबरू नका. तुमचीही सरासरी आम्ही आजचीच धरली आहे.